माळवदावरून दिसलेली राणी

खोटं लिहिलंत साहेब तुम्ही. चूक नाही म्हणत मी, खोटंच म्हणतोय. माहीत नसलं की माणूस आधी विचारतो, आणि विचारूनही हुकलं तर तिला चूक म्हणतात. तुम्ही विचारलंच नाही. खुर्चीत बसल्या बसल्या आमच्या आवडाकाकूच्या चित्रामागं बॉलपेननं तीन ओळी ओढल्या, सही ठोकली आणि सगळी अकरा चित्रं परत पाठवून दिली.

काय लिहिलंत ते विसरला असाल, म्हणून इथं उतरवतो. "चित्रकर्तीस रंगभूमीची ओळख दिसत नाही. सर्व पात्रे पाठमोरी व वरून दाखविली आहेत. प्रसंग समोरून रेखाटून आणल्यास विचार करता येईल."

रंगभूमीची ओळख नाही! ज्या बाईनं सोळा वर्षांत एक नाटक चुकवलं नाही तिला ओळख नाही, आणि तुम्हाला आहे. तुम्हाला कुठून झाली, कोणत्या नंबरच्या खुर्चीवरून झाली, ते मी विचारत नाही. काकूला कुठून झाली ते मात्र तुम्हाला ऐकावं लागेल.

आमचं गाव लासूर स्टेशनपासून सात किलोमीटर आत. पोलीस ॲक्शन झाली, रझाकारांची पीडा टळली, आणि दुसऱ्याच चैत्रात गावानं यात्रेला नाटक बसवलं. तेव्हापासून दरसाल, गावात टीव्ही येईपर्यंत. नाटकं जुनीच, मोठाल्या कंपन्यांनी करून करून गुळगुळीत केलेली. पुस्तकं तेव्हाच्या औरंगाबादेतून, गुलमंडीवरून यायची. नावं गडी माणसांना पाठ. बाया आपल्या खुणेनं बोलायच्या. एक दरबाराचं नाटक, एक वनवासाचं, एक पाळण्याचं.

स्टेज म्हणजे चार बैलगाड्या चाकं काढून शेजारी शेजारी लावायच्या आणि वर फळ्या. मागं कारभारीच्या घराची भिंत. तिलाच चुन्याचा हात मारला की राजवाडा झाला. जंगल हवं असलं की लिंबाच्या दोन फांद्या टेकवायच्या. मागचा पडदा नव्हताच. समोर मैदानात गडी माणसं, पोरं, पाव्हणे. बायांनी समोर बसायची रीत नव्हती. बाया कुठं, तर कारभारीच्या माळवदावर. शिडीनं वर चढायचं, मातीच्या कठड्याला छाती लावायची आणि खाली बघायचं. खाली थेट राजाचं टाळकं.

म्हणजे साहेब, अर्ध्या गावानं नाटक समोरून बघितलं आणि अर्ध्या गावानं मागून, वरून. तुम्ही फक्त पहिल्या अर्ध्याला गाव म्हणता.

आवडाकाकू अडुसष्ट साली लग्न होऊन आली. सोळा वर्षांची. तिच्या सासूचा गुडघा कामातून गेलेला, शिडी चढता यायची नाही. दुसऱ्या दिवशी सासू विचारायची, "काय काय झालं गं?" काकूला सांगता यायचं नाही, बोलायला ती तेव्हा लाजायची. मग चुलीतला कोळसा घेऊन ओसरीच्या भिंतीवर काढून दाखवायची. हा राजा, ही राणी, हा मेला. सासू जात्यावर बसून भिंत बघायची आणि हसून हसून दळण सांडायची. पुढं कोळशात नीळ आली, हळद आली, कुंकू आलं. ती मातीची भिंत पडली, सिमेंटची झाली. काकू बहात्तरची झाली. पण डोक्यातलं काही पडलं नव्हतं. तिचा मुलगा सांडू शेंद्र्याला कंपनीत कामाला आहे. तिथले खोक्यांचे चांगले जाड पुठ्ठे तो घरी आणतो. त्या पुठ्ठ्यांवर तिनं अकरा नाटकांचे अकरा प्रसंग पुन्हा काढले.

आणि काय काढलेत! दरबारात राजा बसलाय. वरून त्याचा मुकुट दिसतो. पुढून सोनेरी कागद असेल, पण मागून कॅलेंडरचं पान. राणीचं गंगावन सुतळीनं बांधलंय, गाठ दिसते. मेलेला सेनापती एका पायानं दुसऱ्या पायाची पोटरी खाजवतोय. गाडीच्या दांड्यापाशी गोधडीत एक माणूस पुस्तक घेऊन बसलाय, तो सगळ्यांना बोलणं पुरवतोय. आणि त्या सगळ्यांच्या पलीकडं, अंधुक उजेडात, चारशे तोंडं वासलेली. प्रेक्षक! साहेब, नाटक बघणारी माणसं दिसतात अशी किती चित्रं तुमच्याकडं आली होती? मोजून सांगा.

पेपरात तुमची जाहिरात सांडूनं वाचून दाखवली होती. अभिजात नाट्यप्रसंगांचं चित्रप्रदर्शन, माध्यम कोणतंही, वयाची अट नाही. काकू तेव्हा शेंगा फोडत होती. म्हणाली, "भिंतीवर टांगतेत का? आन समोर खुर्च्या असतेत?"

"असतेत की."

"मंग पाठीव. माळवदावरच्या आम्ही सात जणी राहिलो आता. एकदा पुढं खुर्चीवर बसून बघू."

एवढीच तिची हौस. बक्षीस नको, पेपरात फोटो नको. पुढं बसायचंय.

तुमचा शेरा मी तिला वाचून दाखवला. मला वाटलं रडेल. तिनं विचारलं, "समोरून काढलं तर टांगतेन?"

"विचार करता येईल म्हणलेत."

"म्हंजी टांगतेन. काढू मग समोरून. त्यात काय."

त्यात काय ते दुसऱ्या दिवशी कळलं. पेन्सिल घेऊन बसली, राणीचं डोकं काढलं, खांदे काढले आणि थांबली. राणीचं तोंड तिनं कधी बघितलंच नव्हतं. मुंजाबाचं बघितलं होतं, रोज बघते. पण राणी असतानाचं मुंजाबाचं तोंड? ते समोरच्यांकडं असायचं.

म्हणून मला घेऊन ती मुंजाबाकडं गेली. मुंजाबा म्हणजे आमच्या गावाची राणी. अकरातल्या नऊ नाटकांत राणी तोच. आता ऐंशीचा आहे. लिंबाखाली शेळ्यांना पाला टाकत होता. बायको पुतळाबाई ओट्यावर लसूण सोलत बसलेली.

काकू गेल्या गेल्या म्हणाली, "भाऊजी, जरा रडा."

"का? कोण गेलं?"

"कोणी नाय गेलं. राणीसारखं रडा. दरबारात बाळ राजाच्या पायाशी ठिवायचे बघा, तवा तोंड कसं व्हायचं तुमचं?"

मुंजाबानं पाला खाली टाकला. हात झटकले. "वहिनी," तो म्हणाला, "चाळीस वर्सं झाली टीव्ही येऊन. आज पहिल्यांदा कोणी तरी इच्यारलं."

खांद्यावरचा टॉवेल डोक्यावर घेतला. बाळ पाहिजे म्हणून शेळीचं एक करडू उचललं. मला म्हणाला, "तू राजा. हालू नको." करडू माझ्या पायावर ठेवलं आणि आकाश फाटेल असा आवाज काढला, "महाराज! हे तुमचंच रगत हाय! वळखा, न्हाय तर तलवार काढा!"

करडू बें करून पळालं. त्याची आई माझ्या अंगावर धावून आली. पुतळाबाई ओट्यावरून ओरडली, "आधी दात लावा की! राणी बोळकी दिसायली!"

मुंजाबानं सदऱ्याच्या खिशातून कवळी काढली, फुंकर मारली, बसवली. पुन्हा पहिल्यापासून. या वेळी खरंच डोळ्यांत पाणी आलं गड्याच्या. काकू भराभरा पेन्सिल चालवत होती. मधेच थांबली.

"भाऊजी, पण तुमाला तवा मिशी व्हती."

"व्हती की."

"मंग राणीला?"

"तवा वडील जित्ते व्हते माझे. बाप असताना मिशी काढू का मी? गावानं तोंडात शेण घातलं असतं. पदर धरायचो असा, नाकापस्तोर."

"समद्या नाटकभर?"

"समद्या नाटकभर. म्हणून तर लोक म्हणायचे, राणी लई मर्यादशील हाय."

"मर्यादशील!" पुतळाबाईच्या हातातला लसूण सांडला. "एका सालाला शिंक आली आन पदर सुटला. पुढं बसलेला एक पाव्हणा वरडला, आरं, राणीचा नवरा आला वाटतं!"

हसून हसून काकूला ओट्यावर बसावं लागलं. मी मात्र हसता हसता तुमची आठवण काढली, साहेब. समोर चारशे माणसं बसली होती आणि राणीचं तोंड त्यांनीही बघितलेलं नव्हतं. तुम्ही जे समोरून मागताय ते समोर नव्हतंच हो कधी! राणी होती ती पाठीत. पाठ रडायची. खांदे हलायचे, मान खाली जायची, आणि माळवदावरच्या बाया तोंडात पदर कोंबायच्या. मुंजाबाला मी ते सांगितलं तर तो म्हणाला, "तोंड तर झाकलेलं. रडायला राहिलं काय माझ्याकडं? पाठच की."

पण काकू हट्टी. राणी राहू दे, राजाचं तोंड तर उघडं होतं. गेलो कारभारीकडं. कारभारी म्हणजे राजा. ज्याच्या घराची भिंत राजवाडा व्हायची तोच. एकोणऐंशीचा. त्यानं काही करून दाखवलं नाही, आत गेला आणि स्वतःच्या लग्नातला फोटो घेऊन आला.

"हे तोंड लाव. आन जरा उजळ कर."

"भाऊजी, दरबारात असं तोंड व्हतं का तुमचं?"

"मंग? राजा होतो मी."

त्याची बायको द्वारकाबाई दारात उभी होती. "राजा! डोळे गच्च मिटून बसायचे," ती म्हणाली. "लोकायचं भ्याव वाटायचं. बोलणं सुचलं नाय की मुकुट नीट केल्यासारखं करायचे."

"तुला वरून काय दिसतेत माझे डोळे?"

"डोळे नाय दिसत. पण मान कळती की! भ्यायलेल्या माणसाची मान मला कळत नाय? पन्नास वर्सं तीच तर बघायली."

कारभारी फोटो आमच्या हातात कोंबून आत निघून गेला.

आठ दिवस खपून काकूनं समोरून एक चित्र पुरं केलं. दरबाराचं. राजा लग्नातल्या फोटोसारखा, उजळ. राणीच्या तोंडावरचा पदर बाजूला सारलेला, मिशी नाही, डोळे मोठे, गालावर दोन थेंब. आता खरं बोलतो, मला ते आवडलं. मला वाटलं काम झालं. सात जणींना खुर्च्या मिळाल्या.

चित्र दाखवायला काकूनं द्वारकाबाई आणि पुतळाबाईला बोलावलं. द्वारकाबाईनं चित्र लांब धरून बघितलं. "हा कोण? पाव्हणा हाय का कोणी?"

"राजा हाय. तुझा नवरा."

"होय बाई? मला वाटलं चौकातल्या ब्यानरवरचा हाय. वाढदिवसाच्या शुभेच्छा, भावी सरपंच."

पुतळाबाईनं राणी बघितली आणि चित्र खाली ठेवलं. काकूनं मग जुनं चित्र काढून शेजारी ठेवलं. तुम्ही परत पाठवलेलं, पाठमोरं. त्याबरोबर दोघी त्याच्यावर वाकल्या.

"हे आमचे!" द्वारकाबाई म्हणाली. "ह्यो बघ मुकुटाचा कागद. कॅलेंडर फाडून खळीनं मीच डकवला होता. सासऱ्यानं बोलणी घातली होती, एकादस कोणत्या दिवशी हाय ते आता राजाला इचारावं का म्हणून."

"आन हे ठिगळ माझं," पुतळाबाई म्हणाली. बोट चित्रातल्या राणीच्या पाठीवर. "माझं झंपर ह्यांच्या पाठीला पुरंना. मंग उशीच्या अभ्र्याचा तुकडा लावला मधी, ह्या बारीक फुलांचा. आवडे, तुला फुलं पण ध्यानात हायेत?"

"चार होती. पाचवं शिवणीत गेलं होतं."

दोघी त्या चार फुलांवर हात फिरवत बसल्या. समोरच्या चित्राकडं परत कोणी बघितलं नाही.

त्या गेल्यावर मी म्हणालो, "काकू, त्यांना काय कळतंय? साहेबांना हेच पाहिजे."

"मी बघितलं नाय रे हे," काकू म्हणाली. "पंचनाम्याला न जाता घरी बसून सही करणारे असतेत बघ, तसलं झालं हे. जे बघितलं ते अकरा हायेत. तेच न्यायचे."

"आणि नाही लावले तर?"

"तर नाय लावले." असं म्हणाली खरी, पण म्हणताना माझ्याकडं बघितलं नाही. समोरचं चित्र तिनं अंगणात पालथं घातलं आणि त्यावर मिरच्या वाळत घातल्या.

आता माझा गुन्हा सांगतो. तुमच्यावर आरोप करतोय तर स्वतःचं झाकून कसं चालेल? शेवटच्या तारखेला आम्ही निघालो त्या सकाळी मी मिरच्या झटकल्या आणि ते चित्र गठ्ठ्यात सगळ्यात खाली सरकवून दिलं. अकरा नाही लागली तर एक तरी लागेल. काकूला खुर्ची मिळेल.

सांडूनं ओळखीचा छोटा टेम्पो आणला होता. पुढं काकू, मागं गठ्ठा धरून पुतळाबाई, द्वारकाबाई आणि मी. शहरात तुमच्या हॉलवर पोचलो. तुम्ही नव्हता. मीटिंगला गेलाय म्हणाले. टेबलावर एक चष्मेवाले बाबू होते. माणूस वाईट नाही. गठ्ठा सोडला, एकेक चित्र उलटलं आणि कपाळाला हात लावला.

"मावशी, पुन्हा तेच? शेरा वाचला नाही का?"

तेवढ्यात बारावं हाताला लागलं. "हां! हे बघा, हे एकदम फर्स्ट क्लास." आणि मिरचीचा ठसका लागून त्यांनी तीन शिंका दिल्या. डोळे पुसत म्हणाले, "हे लावतो. आत्ता पावती देतो, त्या मधल्या भिंतीवर जागा आहे. बाकीची घेऊन जा."

काकूनं माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं.

"ते आमचं नाय, बाबूसाहेब," काकू म्हणाली.

"असं कसं? खाली तुमचं नाव आहे."

"नाव हाय. चित्र नाय."

"मावशी, विचार करा. जागा पक्की आहे. नंतर मिळणार नाही."

काकू टेबलापासून वळली. मधल्या भिंतीसमोर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या. त्यातल्या पहिल्या रांगेत जाऊन बसली. भिंत कोरी होती. पायांत चप्पल, हात मांडीवर, बराच वेळ त्या भिंतीकडं बघत होती. मला वाटलं, हो म्हणते आता. म्हण, बाई, म्हण.

उठली, टेबलापाशी आली, ते चित्र उचललं आणि माझ्या हातात दिलं. "तुझ्या घरात लाव. भावी सरपंच म्हणून." मग बाबूंना म्हणाली, "हे अकरा ठिवून घ्या. लावायचे तर हेच."

"पण मावशी, हे उलटं आहे हो. बघणाऱ्याला काही कळत नाही यात."

तेव्हा पुतळाबाई पुढं झाली. थेट कामाला लागली. सगळी चित्रं उचलली आणि फरशीवर ओळीनं मांडली. बाबूंना म्हणाली, "चढा."

"कुठं?"

"टेबलावर. चढा की, पडत नाय. आमी पोटुशी असताना शिडी चढायचो."

हॉलमधली दोन-चार माणसं गोळा झालेली. बाबू हसले, चपला काढल्या आणि खरंच टेबलावर चढले. खाली बघितलं. साहेब, त्या माणसाचं तोंड मी बघितलंय, समोरून बघितलंय, त्यामुळं खात्रीनं सांगतो. आधी भुवया वर गेल्या. मग तो वाकला. मग गुडघ्यावर बसला आणि टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली, माळवदाचा कठडा धरावा तशी.

"अरे," तो म्हणाला, "हा मेलेला पाय खाजवतोय!"

त्याच्या मागं शिपाई चढला. एक बाई क्लार्क होत्या, त्या खुर्चीवर चढल्या. म्हणाल्या, "आमच्या खुलताबादला माझी आई पण अशीच गच्चीवरून बघायची. मला वाटायचं तिला नाटक कळलंच नसेल." द्वारकाबाई खालून एकेकाची ओळख करून देत होती. हा आमचा राजा, ही हिची राणी, ह्यो गोधडीतला आता वारला, लई गोड माणूस होता. सगळा हॉल हसत होता. तुम्ही मीटिंगला होता.

बाबू खाली उतरले तेव्हा त्यांचा सूर बदलला होता. अकराही चित्रांवर त्यांनी आवक नंबर घातला, शिक्का मारला, पोच दिली. म्हणाले, "माझ्या हातात असतं तर आत्ता लावली असती. शेरा साहेबांचा आहे. साहेबच ठरवतील."

परत येताना पुतळाबाई टेम्पोत राणीची भाषणं म्हणत होती. सगळी पाठ आहेत तिला. काकू मात्र माझ्याशी लासूर स्टेशनपर्यंत बोलली नाही. स्टेशनवर उसाचा रस घेतला तेव्हा फक्त म्हणाली, "बरफ कमी सांग."

तर असं आहे साहेब. चित्रं तुमच्या कपाटात आहेत. भिंतीवर लावायची नसतील तर फरशीवर मांडा आणि शेजारी एक शिडी ठेवा, आमची हरकत नाही. शिडी नसली तर आम्ही आणू. प्रदर्शन गुरुवारी अकरा वाजता उघडतंय. सांडूनं टेम्पो सांगून ठेवलाय. माळवदावरच्या सातही जणी येणार आहेत, मुंजाबा आणि कारभारी येणार आहेत. मुंजाबानं तर त्यासाठी दाढी केली आहे. काकूनं मला दोनदा विचारलं, लावतेन का रे. मी दोनदा सांगितलं, माहीत नाही. तिसऱ्यांदा तेच सांगायची माझी तयारी नाही. म्हणून तुम्हाला विचारतोय, आणि शेरा नको, विचार करता येईल नको: गुरुवारी अकराला सात बाया पहिल्या रांगेत येऊन बसतील, तेव्हा त्यांच्यासमोर त्यांची अकरा चित्रं असणार आहेत का नाहीत?